बाबा अकरा ते एक कुठे असतात

मी फार्मसिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मानून पुढे जाणाऱ्या बाईने आमच्या काउंटरमागे उभंच राहू नये, या मताची मी आहे. त्यामुळे घरात कुणी मला ‘संशयी’ म्हटलं की मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण मी तो दाखवत नाही. म्हणजे दाखवते, पण नंतर.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी जे सांगणार आहे त्यात माझं वागणं काही फार शोभण्यासारखं नाहीये.

मागच्या डिसेंबरात, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, आम्ही हिल्सबरोचं घर बंद करून तीन आठवड्यांसाठी, भारतातल्या नव्हे, इथल्या कोरोमंडलच्या पलीकडच्या अंगाला एका लहानशा कॅम्पवर जाऊन राहिलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले माझे बाबा. जेमतेम तीस तंबूंची जागा. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे टेकडी, मधे पोहुतुकावाची जुनी झाडं आणि एक कॉमन किचन. झाडं नुसती लालभडक फुलली होती, चहाच्या कपातसुद्धा तांबडे केसर पडायचे. सकाळी उठायचं, समुद्रावर जायचं, खायचं, लोळायचं, परत समुद्रावर जायचं. फोनला रेंज आली तर आली. इतका आराम मला लग्नानंतर मिळालाच नव्हता, आणि मी त्यातला एक दिवससुद्धा नीट उपभोगला नाही. कारण माझ्या मनात एक बेत शिजत होता.

बाबांनी परत जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. बाबा सोडून ते सगळ्यांना माहीत होतं.

आई गेल्याला दीड वर्ष झालं होतं. बाबा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, त्यात डायबिटीस, आणि आयुष्यात कधी स्वतःचा चहासुद्धा करून घेतला नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. आमच्या घरात पुरुषाने गॅसपाशी जायचं म्हणजे घरातली बाई आजारी तरी आहे किंवा आळशी तरी. आई तर पाण्याचा ग्लासही हातात द्यायची. ती गेल्यावर बाबांनी डबा लावला. ऑक्टोबरात मी त्यांना एअरपोर्टवर घ्यायला गेले, मिठी मारली, तर हाताला नुसता शर्ट लागला. ‘डब्याचं जेवण बरं असतं गं,’ ते म्हणाले. फेब्रुवारीच्या शेवटाचं त्यांचं परतीचं तिकीट मी पुढच्याच आठवड्यात गुपचूप मेच्या शेवटावर ढकललं. मेपर्यंत काहीतरी कायमचं करू, असा विचार. कॅम्पवर निवांत बसून, चांगला मूड बघून सांगू, असं मी नवऱ्याला म्हटलं होतं.

‘आधी विचारायचं, मग ढकलायचं,’ तो म्हणाला होता.

‘विचारलं की नाही म्हणतील.’

‘मग?’

‘मग काय मग!’

तो पेनरोजच्या एका डेपोत कामाला आहे. त्याला नाताळनंतर लगेच परत ड्यूटीवर जायचं होतं, म्हणून तो फक्त शनिवार-रविवार यायचा. म्हणजे माझ्या बेताला अडवणारं कॅम्पवर कुणी उरलं नाही. आणि तरी मला सांगायला मुहूर्त सापडेना. त्यात तो शेजारचा म्हातारा मधे आला.

आमच्या तंबूला लागून एक जुनी पांढरी कॅरॅव्हॅन होती, पुढे मंडपासारखं कापड ताणलेलं. त्यात एक उंच, लालबुंद, एकटा गोरा म्हातारा राहायचा. चाळीस वर्षं याच जागेवर येतोय म्हणे. पहिल्याच संध्याकाळी हाफ पॅन्ट आणि जँडल्सवर, म्हणजे रबरी स्लिपरांवर आला, ‘कियाओरा’ असा माओरी नमस्कार केला आणि एक अख्खा ताजा मासा कागदात गुंडाळून बाबांच्या हातात ठेवून गेला. बाबांच्या! ज्यांनी जन्मात अंडं फोडलं नाही! बाबांनी तो पूजेचं ताट धरावं तसा दोन्ही हातांवर धरून ठेवला होता. मी तो घेतला, परत नेऊन दिला, आम्ही शाकाहारी आहोत असं सांगितलं. ‘स्वीट ॲज,’ म्हणजे काही हरकत नाही, असं तो म्हणाला आणि हसला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ओळख ना पाळख, कुणी कुणाला फुकट मासा देतं का?

‘आई, ही इज जस्ट बीइंग नाइस,’ लेक म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

‘नाइस माणसं काय काय करतात ते मला विचार,’ मी म्हटलं.

चौथ्या दिवशी बाबा सकाळी अकरा वाजता त्याच्या मंडपात जाऊन बसले आणि एकला परत आले. पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी मी त्यांना जेवायला हाक मारायला निघाले, तर म्हणाले, ‘अगं, हाका मारू नकोस. डब्यात दे, मी तिकडेच गप्पा मारता मारता खाईन.’ बरं म्हटलं. स्टीलच्या डब्यात भाजी-पोळी, वर थोडा भात. एक वाजता डबा परत आला. धुतलेला, पुसलेला, कोरडा. बाबांनी डबा विसळला? माझ्या बाबांनी? मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते समुद्राकडे बघत होते.

‘जेवलात?’

‘पोट भरलं.’

मी ‘जेवलात का’ विचारलं होतं. ‘पोट भरलं’ हे त्याचं उत्तर नाही. असली उत्तरं मला काउंटरवर रोज मिळतात. गोळ्या घेता का विचारावं, तर म्हणतात, गोळ्या घरी आहेत.

त्या दिवसापासून माझा आराम संपला. बाबांच्या शर्टाला करपलेल्या कांद्याचा वास यायचा. कॅम्पवर दुपारी दर चार तंबूंमागे एका बार्बेक्यूवर कांदे आणि सॉसेजेस चाललेले असतात, त्यामुळे मला दुसरं काय वाटणार? हा म्हातारा माझ्या बाबांना सॉसेज खायला घालतोय! आणि वर बिअर पाजत असेल. माझी भाजी-पोळी कुठे जाते? पुकेकोंना घालतात? ते निळे पक्षी लांब लांब तंगड्या टाकत त्या मंडपाभोवती फिरतच असायचे. मी संध्याकाळी बाबांची शुगर बघितली. नॉर्मल. दुसऱ्या दिवशी परत बघितली. परत नॉर्मल. इतकी नॉर्मल की मला मशीनचाच संशय आला, मी स्वतःची बघितली. माझी जास्त निघाली.

मग बेसन. निघायच्या आधी पापाटोएटोच्या इंडियन दुकानांत जाऊन मी महिन्याचं सामान भरलं होतं. ज्वारीचं पीठ, बेसन, पोहे, सगळं. बेसनाचं पाकीट मी एकदाच उघडलं होतं, भजीसाठी. आणि ते अर्धं झालं होतं! लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘व्हाय वुड आय ईट फ्लाउर, आई?’ तेही खरंच. मी पाकिटावर पेनाने रेघ मारली. हसू नका. औषधाच्या बाटलीवर मारतात तशी. दुसऱ्या दिवशी पीठ रेघेच्या चांगलं बोटभर खाली. हिंगाची डबी मी नेहमी डावीकडे ठेवते, ती उजवीकडे. मिरच्या मोजल्या नव्हत्या याचा मला फार पश्चात्ताप झाला.

आणि मग बाबांच्या अंगठ्याला पट्टी.

‘काय झालं?’

‘काही नाही. किटलीचा चटका.’

पट्टी अगदी सफाईने बांधलेली होती. मी ती सोडून बघितली. तो चटका नव्हता, चक्क कापलेलं होतं. बाबा माझ्याशी खोटं बोलले होते! ज्या माणसाने, मी प्रगतिपुस्तकावर त्यांची खोटी सही केली म्हणून, मला दोन दिवस अबोला धरून शिक्षा केली होती, तो माणूस. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. राग कशाचा जास्त आला, कापल्याचा की लपवल्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

‘तो म्हातारा कोण आहे तरी? काय करायचा?’

‘बोटीवर होता म्हणाला. मासेमारीच्या.’

‘बोटीवर काय करायचा?’

‘आता सगळं काय विचारायचं माणसाला!’ म्हणून बाबा उठून गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने म्हाताऱ्याच्या मंडपामागच्या दोरीपाशी गेले. कापडाच्या फटीतून दिसलं ते असं: दोघं टेबलावर वाकलेले, मधे कागद. म्हातारा बोट ठेवून काहीतरी दाखवतोय आणि बाबा चष्मा सारखा करून लिहितायत. माझं डोकं सणकलं. एकटे म्हातारे लोक, गोड बोलणारा शेजारी, आणि कागद. अशा किती गोष्टी आपण ऐकतो! फ्लॅटचं तर काही नाही ना? मी नवऱ्याला फोन लावला, टेकडीवर चढून, कारण भरवशाची रेंज तिथेच यायची.

‘ते त्याला सही करून काहीतरी देतायत.’

‘काय देतायत?’

‘मला काय माहीत! कागद आहे.’

‘तू सरळ बाबांना विचारत का नाहीस?’

‘विचारलं की खोटं सांगतात.’

त्यावर तो म्हणाला, ‘आणि तू त्यांना तिकिटाचं सांगितलंस का?’

मी रेंज गेल्यासारखं केलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोन दिवस मी बाबांशी तुटक वागले. त्यांनी ते ओळखलं, पण विचारलं नाही. बाबांचं असंच. आई रुसली की तेही शांतपणे पेपर वाचत बसायचे आणि ती आणखीच भडकायची. तेव्हा मला आईचं चुकतं असं वाटायचं. कॅम्पवर बसून मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, बुधवार होता, एक वाजता बाबा आले आणि डबा माझ्या पुढ्यात ठेवून सरळ तंबूत जाऊन आडवे झाले. मी डबा उचलला. जड होता.

आमच्याकडे शेजाऱ्यांचा डबा कधी रिकामा परत जात नाही. निदान चार साखरेचे दाणे तरी घालायचे, ही आईची शिस्त. इतके दिवस माझा डबा रिकामाच परत येत होता, त्याचाही मला मनातून राग होता, पण गोऱ्या म्हाताऱ्याला ते कुठून कळणार म्हणून मी सोडून दिलं होतं. आज त्याने काय भरलं असेल? मासा तर नाही? मी एका बोटाने झाकण उघडलं.

आत पिठलं होतं.

पिवळंधमक, वर मोहरी-हिंगाची फोडणी, मिरचीचे तुकडे, बारीक चिरलेली कोथिंबीर. मी वास घेतला. खरोखरचं पिठलं. या अख्ख्या किनाऱ्यावर पिठलं करू शकेल अशी मी सोडून दुसरी बाई नाही! आणि मग मला वाटलं, नाही कशावरून? असेल. या कॅम्पवर कुणीतरी दुसरी मराठी बाई असेल. बाबांच्या वयाची. एकटी. रोज अकरा ते एक. म्हातारा नुसता आडोसा आहे! सगळं लख्ख जुळलं. बेसन मी आणायचं, आणि पिठलं ती करणार? डाव्या पायात माझी जँडल, उजव्यात लेकीची, तशीच मी डबा हातात घेऊन तरातरा मंडपात घुसले.

‘कुठे आहे ती?’ मी इंग्रजीत विचारलं.

म्हातारा एकटाच घडीच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर ताटली, ताटलीत माझी भेंडीची भाजी आणि माझी पोळी. त्याने घाईघाईने घास गिळला.

‘कोण ती, लव्ह?’

मी डबा पुढे केला. त्याने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दोन निरनिराळ्या जँडल्सकडे. ‘मी हात लावला नाही,’ तो म्हणाला. ‘मी फक्त सुरी कशी धरायची ते दाखवलं. आणि गॅस बारीक करायला सांगितला. त्याला गॅस मोठाच आवडतो. बाकी सगळं त्याचं. मला तर त्या पदार्थाचं नावही म्हणता येत नाही.’

टेबलावर एक बर्नर होता, त्यावर पातेलं. पातेल्याच्या बुडाला काळी खरवड. शेजारी कागद. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांचं अक्षर मी कुठेही ओळखेन. वर तारीख, खाली नंबर घालून, कामाचं अंदाजपत्रक लिहावं तसं: ‘बेसन एक वाटी. पाणी अडीच (तीन घातल्यास पातळ). कांदा पारदर्शक होईपर्यंत, तांबूस नको. पीठ आधी थंड पाण्यात कालवणे, अन्यथा गुठळ्या.’ समोर शेरे. ‘करपलं.’ ‘खारट.’ ‘कच्चं.’ ‘गुठळ्या.’ ‘गुठळ्या कमी.’ शेवटच्या ओळीसमोर शेरा नव्हता. जागा मोकळी ठेवलेली होती.

‘मी तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होतो,’ म्हातारा म्हणाला. ‘बायको गेली तेव्हा फक्त तेवढंच मला येत होतं. त्याने मला विचारलं, शिकवशील का. आधीचे सगळे प्रयोग त्याने स्वतः खाल्ले, लव्ह. टाकू दिले नाहीत. तुझा डबा मी खात होतो. ही हिरवी भाजी तर हीप्स गुड.’

मी तिथेच त्याच्या बर्फाच्या पेटीवर बसले. मला खूप लाज वाटली. लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण एकटा माणूस पिठलं कशासाठी शिकतो ते मला एव्हाना कळलं होतं.

मागून बाबा आले. झोपले नव्हतेच.

‘घरी का नाही शिकलात?’ मी म्हटलं. माझा आवाज चढला. ‘मी शिकवलं नसतं?’

‘तू मला कप विसळू देत नाहीस गं,’ बाबा म्हणाले. ‘तुझी आई पण देत नव्हती.’

मी डब्याचं झाकण लावलं आणि परत काढलं.

‘परत पुण्याला गेल्यावर डबा लावायचा नाही,’ ते म्हणाले. ‘डब्याने पोट भरतं, पण दुपार सरत नाही. स्वतःचं करायला लागलं की अकराचे एक होतात. इथे बघितलं ना मी.’

‘बाबा, तुमचं तिकीट...’

‘मेचं केलंयस. ठाऊक आहे.’

‘कुणी सांगितलं?’ माझ्या डोळ्यांसमोर नवरा आला, लेक आली.

‘एअरलाइनने. मेल मलाच येते, बाळा. ऑक्टोबरातच आली. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो.’

तीन महिने! तीन महिने या माणसाला सगळं माहीत होतं, आणि मी त्यांच्या बेसनावर रेघा मारत बसले होते. म्हातारा उठून कॅरॅव्हॅनमागे काहीतरी आवरायला गेला. त्याला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळलं असावं.

‘आता तू खा,’ बाबा म्हणाले, ‘आणि खरं सांग. बेताचं झालं असेल, तर मी मेपर्यंत थांबतो. त्याच्या पुढचंही बघू. पण खरं सांगायचं.’

त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

मी टेबलावर उरलेल्या पोळीचा तुकडा मोडला आणि पिठल्याला लावला. देवाशपथ सांगते, मी मनात म्हणत होते, खारट असू दे. कच्चं असू दे. एक गुठळी असू दे, एक. मी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मिरचीचा तिखटपणा मागाहून आला, जसा आईच्या पिठल्यात यायचा. तिने तर त्यांना कधी शिकवलं नव्हतं. पन्नास वर्षं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पेपरातल्या बातम्या वाचून दाखवताना त्यांनी बघून ठेवलं होतं म्हणजे.

‘मीठ कमी आहे,’ मी म्हटलं.

बाबांनी लिहिलं नाही. त्यांनी डब्यात बघितलं. डबा रिकामा होता, मी बोटाने कड पुसत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्रगतिपुस्तकाच्या वेळी बघितलं होतं तसं.

‘नाही कमी,’ मी म्हटलं आणि मला रडू आलं. ‘छान झालंय. फार छान झालंय, बाबा.’

‘छान,’ असं त्यांनी शेवटच्या ओळीसमोर लिहिलं आणि खाली बारीकशी रेघ मारली.

तिसऱ्या प्रहरी मी टेकडीवर गेले. तिकीट परत फेब्रुवारीवर आणायला अर्धा तास लागला. खाली उतरून येईपर्यंत बाबा आमच्या तंबूपुढे खुर्ची टाकून बसले होते, चष्मा नाकावर, फोन हातात. मेल पोहोचली होती. त्यांनी ती दोनदा वाचली, फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘चहा टाकू का?’

मी सवयीने अर्धी उठले होते. परत बसले.

‘टाका,’ मी म्हटलं.

ते गॅसशी खुडबुड करत होते. साखरेचा डबा त्यांना सापडत नव्हता, तो मला समोर दिसत होता. मी हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिले.